मायनस कुठे ठेवतात, पॉइंट कुठे ठेवतात: बायनरीतल्या आकड्यांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की तेरा म्हणजे ११०१ इथपर्यंत समजलं, पण कॉम्प्युटरकडे फक्त ० आणि १ च असतील तर तो मायनसचं चिन्ह आणि दशांशाचा पॉइंट ठेवतो कुठे, आणि समोर आलेले आठ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर) म्हणजे प्लसचा आकडा की मायनसचा हे त्याला कळतं कसं. मी एम्बेडेडमध्ये काम करतो, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, मोटर ड्राइव्ह असली कामं, त्यामुळे दिवसभर डोळ्यासमोर हेच असतं, तेव्हा जरा लांबण लागेल, चालवून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: त्याला कळत नाही. १००१११०० हा एक बाइट, म्हणजे आठ बिटांचा गठ्ठा, घ्या. हा १५६ पण आहे आणि -१०० पण आहे, आणि मेमरीत बघून यातलं कुठलं ते कोणीच सांगू शकत नाही. ते कसं ते बघू.

आधी साधी गोष्ट उरकून घेऊ. शाळेत एकक, दशक, शतक शिकलो तेच इथे, फक्त प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट नसून दुप्पट: उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. जिथे १ आहे त्या घराची किंमत धरायची, ० असेल तिथे सोडून द्यायचं. म्हणून १००१११०० म्हणजे १२८ + १६ + ८ + ४ = १५६. उलट जायचं असेल तर दोनाने भागत जा आणि बाकी लिहीत जा: १५६ चे ७८ बाकी ०, ७८ चे ३९ बाकी ०, ३९ चे १९ बाकी १, १९ चे ९ बाकी १, ९ चे ४ बाकी १, ४ चे २ बाकी ०, २ चा १ बाकी ०, १ चा ० बाकी १. आता बाक्या खालून वर वाचा, १००१११००. बरेच जण इथे वरून खाली वाचतात आणि मग उत्तर चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतात. पहिली बाकी ही एककाची असते, कारण आकडा सम की विषम हे एककाचं घरच सांगतं, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

जाता जाता, पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या प्रस्तारातली (म्हणजे सगळ्या शक्य ओळींच्या यादीतली) अमुक नंबरची ओळ कोणती हे काढायची रीत आहे, तिला नष्ट म्हणतात. नंबर सम असेल तर निम्मा करा आणि लघु लिहा, विषम असेल तर एक मिळवून निम्मा करा आणि गुरु लिहा, असं करत जायचं. म्हणजे आपण वर केला तोच भागाकार जवळजवळ. यावरून बायनरी आपल्याकडचीच असे मेसेज फिरत असतात, माझं मत विचाराल तर निम्मं करण्याची रीत खरंच तीच आहे पण ती ओळी शोधायला वापरलेली आहे, हिशोब करायला नाही. ० आणि १ घेऊन बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असं सगळं जर्मन गणिती लाइबनिट्सच्या १७०३ च्या लेखात आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी भारी आहेत, एकीला मोठं करायला दुसरीला ओढायची गरज नाही.

दोनच का, हा प्रश्न नेहमी येतो म्हणून पटकन सांगतो. तारेवर दहा वेगवेगळे व्होल्टेज ठेवून दहा आकडे दाखवता येतात की, पण नॉइज आला, तापमान बदललं, ट्रान्झिस्टर थोडा इकडेतिकडे असला की ६ चा ७ वाचला जातो. दोनच पातळ्या ठेवल्या तर मध्ये भरपूर मोकळी जागा राहते आणि प्रत्येक गेट (ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट) सिग्नल पुन्हा स्वच्छ करून पुढे पाठवतं. दुसरं म्हणजे क्लॉड शॅननने १९३७ मध्ये आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं की स्विचची सर्किटं आणि बूलचं लॉजिक, म्हणजे खरं-खोटं यांचं गणित, एकच आहे, मग बेरजेचं मशीन निव्वळ स्विच जोडून बनवता येतं. तरी दोनावाचून अडतं असं अजिबात नाही. एनिअॅक हा सुरुवातीचा कॉम्प्युटर दशमान होता, आणि मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये सेतून नावाचं तीन पातळ्यांचं मशीन बनवलं होतं, त्यात -१, ० आणि १ असे अंक होते त्यामुळे मायनससाठी वेगळं काही करावंच लागत नव्हतं. मला ती आयडिया अजून आवडते, पण बाजारात जिंकलं बायनरीच.

आता खरी गोष्ट. कागदावर आकडा कितीही लांब लिहिता येतो, मशीनमध्ये जागा ठरलेली असते, ८ बिट, १६ बिट, ३२, ६४. आठ बिटांत २५६ वेगवेगळे नमुने बसतात, बस. ११११११११ म्हणजे २५५, त्यात १ मिळवला की हातचा एक ढकलत ढकलत डावीकडच्या टोकाला जातो आणि तिथे नववं घरच नाही, म्हणून तो पडून जातो आणि मागे उरतं ००००००००. २५५ + १ = ०. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात आणि लोक याला फक्त कटकट समजतात, पण मायनस आकड्यांची सगळी गंमत याच पडलेल्या हातच्यावर उभी आहे.

मायनस ठेवायचं म्हटल्यावर कोणाच्याही डोक्यात पहिलं हेच येतं की डावीकडचा एक बिट चिन्हाला देऊन टाका, ० म्हणजे प्लस, १ म्हणजे मायनस, बाकी सात बिटांत आकडा. वाचायला सोपं आहे, पण ५ + (-३) करून बघा. ०००००१०१ आणि १०००००११ यांची साधी बेरीज केली तर १०००१००० येतं, म्हणजे त्या पद्धतीने -८. उत्तर हवं होतं २. म्हणजे सर्किटला आधी दोन्ही चिन्हं बघा, वेगळी असतील तर मोठा कोण ते शोधा, मग वजाबाकी करा, मग मोठ्याचं चिन्ह लावा, एवढा सगळा व्याप. शिवाय ०००००००० आणि १००००००० असे दोन शून्य, एक प्लस शून्य आणि एक मायनस शून्य, आणि दोघे समान आहेत हे वेगळं शिकवायचं. सगळे बिट उलटे करून मायनस दाखवायची पण एक पद्धत होती, वन्स कॉम्प्लिमेंट, सीडीसी ६६०० सारख्या मशीनमध्ये ती होती, त्यातही दोन शून्य राहतातच.

म्हणून आज जी पद्धत वापरतात ती टूज कॉम्प्लिमेंट. ती समजावताना बहुतेक ठिकाणी "बिट उलटे करा आणि एक मिळवा" एवढंच सांगतात, आणि ते जादूटोण्यासारखं वाटतं, म्हणून मी आधी दशमानात सांगतो. समजा तुमच्याकडे फक्त तीनच घरं आहेत, ००० ते ९९९, आणि मायनसचं चिन्ह नाहीच. ७ मधून ५ वजा करायचे आहेत. आता ००७ मध्ये ९९५ मिळवा. १००२ आले, पण चौथं घर नाही, तो १ पडला, उरले ००२. उत्तर बरोबर! म्हणजे तीन घरांच्या दुनियेत ९९५ हा आकडा हुबेहूब -५ सारखा वागतो, कारण ९९५ म्हणजे १००० - ५ आणि १००० इथे शून्यच आहे. मग ठरवून टाकू की ५०० ते ९९९ हे मायनस समजायचे. झालं, वजाबाकीचं मशीनच लागलं नाही, बेरजेच्या मशीनवर भागलं.

आठ बिटांत १००० च्या जागी २५६. -५ म्हणजे २५६ - ५ = २५१. घाईत बिट इकडेतिकडे होतात म्हणून घरं मांडूनच लिहितो: १२८ + ६४ + ३२ + १६ + ८ + ० + २ + १ = २५१, म्हणजे १११११०११. आता उलटे करून एक मिळवायची युक्ती कुठून आली ते पण दिसेल. कुठल्याही आकड्यात त्याचा उलटा मिळवला तर प्रत्येक घरात एकच १ येतो, म्हणजे ११११११११, म्हणजे २५५. त्यात अजून १ म्हणजे २५६, म्हणजे शून्य. ज्यात मिळवल्यावर शून्य येतं तोच मायनस. बस एवढंच आहे ते.

मी स्वतः वाचताना उलटसुलट करत बसत नाही. सगळ्यात डावीकडच्या घराची किंमत १२८ न धरता -१२८ धरायची, बाकी घरं होती तशीच. १००१११०० म्हणजे -१२८ + १६ + ८ + ४ = -१००. आणि तेच आधी १५६ होतं, १५६ आणि -१०० मध्ये फरक बरोबर २५६ चा. रेंज मिळते -१२८ ते १२७. शून्याला प्लसवाल्यांच्या बाजूची एक जागा गेल्यामुळे मायनसकडे एक आकडा जास्त आहे, आणि हा एक आकडा छळतो: १००००००० चे बिट उलटे करून एक मिळवा, परत १००००००० च येतं. म्हणजे -१२८ चं मायनस -१२८. आठ बिटांतच हिशोब राहिला तर याची अॅब्सोल्यूट व्हॅल्यू (चिन्ह सोडून आकडा) काढणारं फंक्शन मायनस उत्तर देतं, आणि ३२ बिटांत -२१४७४८३६४८ बरोबर पण हेच होतं. सी भाषेत तर ते अनडिफाइन्ड आहे, म्हणजे कंपायलरला (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला) वाटेल ते करायची मोकळीक. टेस्टिंगला हा आकडा घालायला विसरू नका.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं त्याचं एक उदाहरण. टेम्परेचर सेन्सर १६ बिटांत दहाव्या हिश्शाच्या अंशात रीडिंग देतो, २३.४ अंश असेल तर २३४. डिस्प्ले महिनोनमहिने व्यवस्थित चालतो आणि एका थंड रात्री अचानक ६५५३.५ अंश दाखवायला लागतो. कोणी म्हणतं सेन्सर गेला, कोणी म्हणतं वायर लूज आहे, वायर बदलून पण होते. सेन्सर बिचारा बरोबर -०.१ अंश पाठवतोय, म्हणजे -१, म्हणजे सोळाच्या सोळा बिट १, आणि डिस्प्लेच्या कोडमध्ये व्हेरिएबल अनसाइन्ड, म्हणजे मायनस न धरणारा, घेतलाय (मायनस धरणारा तो साइन्ड) म्हणून ते ६५५३५ वाचलं जातंय. फिक्स एका शब्दाचा असतो. असे काही आकडे, म्हणजे ८, १६ आणि ३२ बिटांच्या रेंजची वरची टोकं, पाठच झाले पाहिजेत: २५५, ३२७६७, ६५५३५, २१४७४८३६४७, ४२९४९६७२९५. यांच्या आसपासचं काही स्क्रीनवर दिसलं की हार्डवेअरला हात लावायच्या आधी व्हेरिएबलचा टाइप बघायचा. आणि सेन्सर १२ बिटांचा असेल आणि तुम्ही तो १६ बिटांत घेत असाल तर वरचे चार बिट चिन्हाच्या बिटाने भरावे लागतात, नाहीतर -१ चे ४०९५ होतात. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात आणि डेटाशीटमध्ये हे असतं, फक्त बारीक अक्षरात असतं.

कितीतरी मोठ्या लोकांना पण हे चुकलेलं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए ने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाने, बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर कंट्रोल युनिटमधला सॉफ्टवेअर काउंटर ओव्हरफ्लो होतो आणि सगळी युनिट एकदम फेल-सेफ मोडमध्ये जाऊ शकतात, म्हणून त्याआधी पॉवर बंद करून चालू करा. हे २४८ कुठून आले असतील? २१४७४८३६४७ ला शंभराने भागा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात मोजलं असं धरा, मग ८६४०० ने भागा, २४८ आणि थोडे वर दिवस येतात. ३२ बिटांचा साइन्ड काउंटर, अजून काय. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत साइन्ड मोजणाऱ्या सिस्टिमचा नंबर १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी प्रमाणे पहाटे ३:१४:०७ नंतर लागणार आहे, तिथून एक सेकंद पुढे गेलं की तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. मोठ्या कॉम्प्युटरवर ६४ बिट कधीच झालेत, मला काळजी भिंतीत बसवून विसरलेल्या छोट्या कंट्रोलरची आहे.

आता पॉइंट. पॉइंटच्या उजवीकडे दशमानात दशांश, शतांश असतात, इथे १/२, १/४, १/८ असतात. ६.५ म्हणजे ११०.१, ०.७५ म्हणजे ०.११, हे चोख बसतं. ०.१ करून बघा. रीत अशी की अपूर्णांक दुप्पट करत जायचा, पॉइंटच्या डावीकडे जे येईल ते लिहायचं आणि काढून टाकायचं. ०.१ चे ०.२, लिहा ०. ०.४, लिहा ०. ०.८, लिहा ०. १.६, लिहा १ आणि उरले ०.६. १.२, लिहा १ आणि उरले ०.२. आता ०.२ वर आपण आधीच येऊन गेलोय, म्हणजे इथून पुढे ००११ ००११ ००११ असं जन्मभर चालू राहणार. दशमानात १/३ ची जी गत होते तीच इथे १/१० ची. छेदात दोनाशिवाय दुसरं काही उरलं की बायनरीत तो अपूर्णांक संपत नाही, आणि दहात पाच आहेच. म्हणून ०.१ कुठेतरी तोडावाच लागतो.

तोडल्याने किती फरक पडतो? २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट या मिसाइल पाडणाऱ्या यंत्रणेला येणारं इराकचं स्कड मिसाइल अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक गेले. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजायचं आणि सेकंद काढायला ०.१ ने गुणायचं, तो ०.१ चोवीस बिटांच्या रजिस्टरमध्ये तोडलेला. चूक घड्याळाच्या एका टिकला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती, म्हणजे ३६ लाख टिक, आणि साचत साचत चूक ०.३४ सेकंद झाली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर जातं, तेव्हा यंत्रणा आकाशात भलत्याच जागी बघत राहिली.

आजकाल अपूर्णांक बहुतेक सगळीकडे फ्लोटिंग पॉइंटने ठेवतात, आयईईई ७५४ नावाचं स्टँडर्ड आहे, १९८५ चं, त्यामागे विल्यम कहान यांचं मोठं काम आहे. आधी प्रत्येक कंपनीचा आपला वेगळा फॉरमॅट असायचा. त्यातल्या डबल नावाच्या प्रकारात ६४ बिट: १ चिन्हाचा, ११ घाताचे, ५२ अपूर्णांकाचे. ६.५ घ्या. ११०.१ चा पॉइंट दोन घरं डावीकडे सरकवून १.१०१ गुणिले २ चा वर्ग. पॉइंट असा पाहिजे तिथे सरकतो म्हणून फ्लोटिंग. डावीकडचा तो १ नेहमीच असणार, कारण बायनरीत शून्य नसलेला पहिला अंक दुसरा कुठला असणार, मग तो साठवायचाच नाही, एक बिट फुकटात वाचला. उरलं १०१ आणि पुढे ४९ शून्यं. घात २ आहे पण साठवतात १०२३ मिळवून, म्हणजे १०२५, त्यामुळे मायनस घात पण प्लस होऊन बसतात. इथे टूज कॉम्प्लिमेंट का नाही वापरलं याचं कारण मजेशीर आहे, ते शेवटी सांगतो.

मग ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ का येतं ते उघडच आहे. ५२ बिटांत बसवताना ०.१ जरासा वर राउंड होतो, ०.२ पण जरासा वर, आणि ०.३ मात्र जरासा खाली. दोन वर गेलेले मिळवून खाली गेलेल्याशी तुलना केली तर जुळणार कसे. ०.५ + ०.२५ करा, काही होणार नाही, अचूक ०.७५. त्यामुळे "फ्लोटिंग पॉइंट अंदाजपंचे असतो" असं सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही, तो ठरलेल्या नियमानेच राउंड करतो, आपणच त्याला बायनरीत न मावणारा आकडा देतो. मोठ्या आकड्यांना पण हाच प्रॉब्लेम आहे, डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा ९००७१९९२५४७४०९९३ बसतच नाही, तिथून पुढे काही काळ फक्त सम आकडे मिळतात. लांबलचक आयडी जावास्क्रिप्टमध्ये नंबर म्हणून घेतले की शेवटचे अंक बदललेले दिसतात ते यामुळे, आयडी स्ट्रिंग म्हणूनच ठेवा. पैशांचा हिशोब सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवा किंवा डेसिमल टाइप वापरा, आणि दोन फ्लोट == ने ताडून बघू नका, फरक किती चालेल ते आपल्या कामाप्रमाणे ठरवा.

राहिलं ते "कळतं कसं". बिटांवर काहीही लिहिलेलं नसतं, प्रोसेसरला कुठली इन्स्ट्रक्शन दिली त्यावर सगळं आहे, आणि ती कंपायलर तुमच्या व्हेरिएबलच्या टाइपवरून निवडतो. बेरजेची इन्स्ट्रक्शन साइन्ड-अनसाइन्ड दोघांना एकच चालते, वर तीन घरांच्या दुनियेत बघितलंच आपण. पण लहान-मोठं ठरवताना, भागाकारात आणि उजवीकडे शिफ्ट करताना (बिट घरं सरकवताना) दोन वेगळ्या लागतात, कारण १००१११०० हा १० पेक्षा मोठा की लहान हे १५६ म्हटलं तर वेगळं आणि -१०० म्हटलं तर वेगळं. सी मध्ये साइन्ड आणि अनसाइन्ड मिसळून तुलना केली की -१ हा १ पेक्षा मोठा निघतो तो असा, कंपायलर वॉर्निंग देतो ती बंद करून ठेवू नका.

हातानेच करून बघायचं असेल तर ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १.० ठेवा आणि मेमकॉपीने ते चार बाइट तसेच इंटिजरमध्ये उचलून प्रिंट करा. १०६५३५३२१६ दिसेल. १.५ ठेवा, १०६९५४७५२० येईल. २.० ला १०७३७४१८२४. बिट तेच, वाचायची पद्धत दुसरी, आणि तरीही क्रम बघा, लहान फ्लोटचा इंटिजर पण लहानच आहे. घातात १०२३ (फ्लोटमध्ये १२७) मिळवून ठेवण्याचं कारण हेच, प्लसचे दोन फ्लोट लहान-मोठे ठरवायला ते साधे पूर्णांक समजून ताडले तरी चालतं. मायनसला मात्र क्रम उलटा होतो, कारण फ्लोटमध्ये चिन्हाचा बिट वेगळाच ठेवलेला आहे, म्हणजे आपण वर पूर्णांकांसाठी नको म्हणून सोडून दिलेली पद्धत, दोन शून्यांसकट.